मनाची उधारी न ठेवणारा माणूस



स्मरणिका समितीने मला दिलेला विषय असा आहे: आयुष्याची शाश्वती नसताना स्वतःच्या मनाला जपत समाधानाने कसे जगावे. या विषयावर उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यापेक्षा कितीतरी मोठे प्रसंग पचवले आहेत. आपल्या हजेरीपटावरच्या काही नावांमागे आज 'कै.' लागले आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत तर सकाळी फोन वाजला की छातीत धस्स व्हायचे. कोणाची नोकरी गेली, कोणाचे दुकान बसले, कोणाच्या शेतातली मिरची पावसाने गेली. उद्याचे काही सांगता येत नाही, हे वाक्य आपण आता म्हणीसारखे नव्हे, अनुभवाने बोलतो. म्हणून माझे स्वतःचे काही न सांगता एका माणसाचे जीवन सांगतो. ते आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. ते म्हणजे साने गुरुजी.

नंदुरबारच्या माणसाने या विषयावर लिहायचे तर पहिले नाव शिरीषकुमारचे यायला हवे, हे मला मान्य आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा, आपल्या गावात गोळीबारात गेले. शिरीषला सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या चौकातून आपण रोज दप्तर घेऊन जात होतो. त्याचे स्मरण हे आपल्या गावाचे भाग्य आहे. पण शिरीषच्या वाट्याला आयुष्य आले ते एवढेसे. त्याने एका क्षणी मनाचे ऐकले आणि तो अमर झाला. आपल्या वाट्याला मात्र वर्षे आली. कर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणे, म्हातारे आईवडील, बदल्या, आजारपणे. इतकी वर्षे, रोजच्या रोज, मनाशी इमान कसे ठेवायचे, हा आपला प्रश्न आहे. त्यासाठी मला गुरुजी जवळचे वाटतात.

ते आपल्या खानदेशचेही आहेत. जन्म कोकणातला, पण कर्मभूमी अमळनेर. नंदुरबारहून भुसावळकडे जाणारी गाडी दोंडाईचा, नरडाणा करत अमळनेरला पोहोचते. आपल्या शाळेच्या दाखल्यावर अजून 'जि. धुळे' आहे, कारण नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्या धुळ्याच्या तुरुंगातही गुरुजी होते. तेव्हा हा मुलूखच त्यांचा.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे एकेकाळी खोतीचे, पण पुढे दिवस फिरले आणि घरात दारिद्र्य आले. मुलगा हुशार, पण शिकण्यासाठी वणवण. दापोली, मग औंध संस्थान, तिथे प्लेग आला म्हणून तेही सोडावे लागले, मग पुणे. कुठे दोन वेळचे जेवण मिळेल, कुठे राहायला मिळेल, याचीच शाश्वती नाही. या वणवणीतच १९१७ साली आई गेली. ज्या आईने त्यांना घडवले, तिच्यासाठी काही करता येईल असे दिवस येण्याआधीच ती गेली. पुढे १९१८ साली ते मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. एम.ए. होऊन १९२४ साली ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली.

शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आपल्यापैकी जे आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहून शिकले, त्यांना वेगळे सांगायला नको की रेक्टर हा शब्द ऐकला की मुले कशी गप्प होतात. गुरुजींनी मुलांना दरडावले नाही. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की ते स्वतः झाडायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, मळके कपडे धुवायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती आपली कामे आपण करू लागली. वसतिगृहासाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक लिहीत. दिवसभर शिकवायचे, रात्री लिहायचे, सकाळी मुलांच्या हाती नवा अंक. मी स्वतः गेली अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवतो आहे. महिन्यातून एकदा भित्तिपत्रक काढताना आमची जी धावपळ होते ती पाहिली, की रोज एक अंक हे काय काम असेल याची मला कल्पना येते.

सहा वर्षे अशी गेली. नोकरी पक्की होती, मुले जीव लावत होती, गावात मान होता. ज्या माणसाचे बालपण असे अस्थिर गेले, त्याला ही स्थिरता किती मोलाची वाटली असेल! १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी राजीनामा दिला आणि ते चळवळीत गेले. इथे त्यांच्या जीवनातली एक गोष्ट दिसते, जी पुढे पुन्हा पुन्हा दिसते. मनाने एकदा कौल दिला की ते त्याला तारीख पुढची देत नसत. माझे वडील मिरचीचा व्यापार करीत. त्यांच्या वहीत उधारीची पाने जाड असत. आपलेही मनाशी असेच असते. हे चूक आहे हे कळते, पण मुलीचे लग्न होऊ दे, घर होऊ दे, निवृत्ती होऊ दे, मग बघू, असे म्हणत आपण मनाच्या वहीत उधारी लिहीत जातो. गुरुजींनी ही वही कधी ठेवली नाही. जे देणे वाटले ते त्याच दिवशी दिले.

त्याची किंमत म्हणून तुरुंग आला. आधी धुळे, मग दूर दक्षिणेत त्रिचनापल्ली. तिथे निरनिराळ्या प्रांतांतले कैदी भेटले, त्यांच्या भाषा कानावर पडल्या. आपल्याच देशातल्या माणसांची भाषा आपल्याला येत नाही याची त्यांना खंत वाटली. त्यातून पुढे आंतरभारतीची कल्पना निघाली, म्हणजे भारतातल्या सर्व भाषांनी एकमेकींना ओळखावे ही. तमिळमधला 'कुरल' त्यांनी मराठीत आणला. अहिराणी, भिली, पावरी, गुजराती आणि हिंदी एकाच बाजारात ऐकत वाढलेल्या आपल्याला ही कल्पना कोणी समजावून सांगायची गरज नाही.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथेच विनोबाही कैदी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले, असे अठरा रविवार. गुरुजींनी ती प्रवचने भरभर लिहून घेतली. आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक देशातल्या अनेक भाषांत वाचले जाते, ते या लेखणीमुळे. स्वतः लेखक असलेला माणूस दुसऱ्याचे शब्द इतक्या निष्ठेने टिपतो आणि बाजूला होतो, हाही मनाच्या स्वच्छतेचाच भाग आहे.

त्यानंतर नाशिकचा तुरुंग. तिथे फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. दिवसा तुरुंगातले काम, त्यातून मिळेल त्या वेळात लेखन. पुस्तक १९३५ साली आले. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आपल्या वर्गात हे पुस्तक वाचले गेले तेव्हा मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा डोळे पुसत होती, हे कोणी नाकारू नये!

त्या पुस्तकातला एक प्रसंग मी मुलांना मुद्दाम वाचून दाखवतो. एका वृद्ध, अस्पृश्य मानल्या गेलेल्या बाईची मोळी खाली पडलेली असते. शिवायचे कसे म्हणून कोणी हात लावत नाही. आई श्यामला ती मोळी उचलून द्यायला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ कर असेही सांगते, म्हणजे लोकांचे समाधान होईल. आईने जेवढे शक्य होते तेवढे केले. त्या काळी, त्या गावात, एका गरीब ब्राह्मण बाईने एवढे करणे लहान नव्हते. पण मुलाच्या मनात ती आंघोळ राहून गेली असावी असे मला वाटते. मोळी उचलायची आणि मग आंघोळ करायची, हा अर्धाच व्यवहार झाला. उरलेला अर्धा पुरा करायला त्याला पंढरपूरला जावे लागले.

पंढरपूर येण्याआधी मध्ये बरीच वर्षे गेली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. त्यासाठी गुरुजी खानदेशात गावोगाव हिंडले. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक सुरू केले, शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्यात ते काम करू लागले. १९४२ ला भूमिगत झाले, १९४३ ला पकडले गेले, पुन्हा तुरुंग. हे सारे मी थोडक्यात सांगतो, कारण ते इतिहासाच्या पुस्तकात आहे.

१९४६ साली स्वातंत्र्य दाराशी आले होते. मोठमोठे नेते पुढच्या सरकारांच्या विचारात होते. गुरुजींच्या मनात मात्र दुसरेच होते. ज्या विठोबाला महाराष्ट्र माउली म्हणतो, त्याच्या दारात चोखोबाची माणसे अजून बाहेरच उभी होती. मंदिर सर्वांना खुले झाले नाही तर प्राणांतिक उपोषण करीन, असे त्यांनी जाहीर केले. मोठ्या माणसांच्या सांगण्यावरून त्यांनी ते काही महिने पुढे ढकलले आणि तोवर महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट त्यांच्या सोबतीला होते. गावोगावच्या सभांत लोक विहिरी खुल्या करत, देवळे खुली करत. अखेर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले.

इथला एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या गांधीजींना गुरुजींनी आयुष्यभर मानले, त्यांनाच या उपोषणाबद्दल चुकीची माहिती पोहोचली आणि त्यांची तार आली की उपोषण सोडावे. विरोधकांना तोंड देणे त्या मानाने सोपे असते. ज्याच्या शब्दावर आपण घरदार सोडले, तोच तुम्ही चुकता आहात म्हणतो, तेव्हा काय करायचे? गुरुजींनी नम्रपणे आपली बाजू कळवली आणि उपोषण चालू ठेवले. गांधीजींवरची त्यांची श्रद्धा त्यामुळे कमी झाली नाही आणि मनाचा कौलही बदलला नाही. मोठ्या माणसाचा आदर आणि स्वतःच्या विवेकाचा निर्णय, दोन्ही एकाच वेळी सांभाळता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे अजून वडीलधाऱ्यांपुढे, साहेबांपुढे, समाजाच्या पंचांपुढे खरे बोलायचे म्हटले की आपण एकतर गप्प बसतो किंवा भांडतो. गुरुजींनी दोन्ही केले नाही.

दहा दिवसांनी, १० मे रोजी, मंदिर खुले करण्याची तयारी झाली आणि उपोषण सुटले. उपोषणाला बसताना असे होईल याची कसलीच हमी नव्हती. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात एवढेच होते की आपण त्या दारातून एकटे आत जायचे नाही. त्यांनी तेवढेच धरले. निकाल काय लागेल हे माहीत नसतानाही मन शांत ठेवता येते, ते असे. आपल्या हातातले पुरते करायचे, आणि जे हातात नाही ते पाहून हातातलेही सोडायचे नाही.

पुढचा भाग लिहायला जड आहे, पण टाळून चालणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. हत्या करणारा महाराष्ट्राचा, मराठी बोलणारा. गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. ज्या पापात आपला हात नाही त्याचेही प्रायश्चित्त त्यांनी घेतले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची 'सुंदर पत्रे' वाचली तर फुले, पाखरे, पाऊस, पुस्तके यांवर इतके प्रेम करणारा माणूस क्वचितच दिसेल. पण आत दुःख साचत होते. फाळणी झाली होती, जात गेली नव्हती, स्वातंत्र्यानंतर माणसे स्वार्थाकडे वळताना दिसत होती. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय अवघे पन्नास.

दरवर्षी नववीच्या वर्गात कोणी ना कोणी मुलगी किंवा मुलगा हात वर करून विचारतो, की सर, साने गुरुजी कसे वारले? मोबाइलवर त्यांनी आधीच पाहिलेले असते. ते मला पारखत असतात. त्यामागचा खरा प्रश्न असा असतो, की जो माणूस आयुष्यभर मनाशी खरा राहिला, त्याला समाधान का मिळाले नाही? मग खरे राहण्याचा उपयोग काय? हा प्रश्न बरोबर आहे. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलांपेक्षा हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे मी जास्त आदराने पाहतो.

मी त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो. गुरुजींचा मृत्यू म्हणजे त्यांच्या जीवनाचा निकाल नव्हे. मन स्वच्छ असणे आणि मन दुःखी असणे या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात. ताप येणारा माणूस काही वाईट नसतो, तसाच खोल दुःखात बुडालेला माणूसही कमकुवत किंवा अपराधी नसतो. त्याला उपचाराची आणि सोबतीची गरज असते. गुरुजींनी सगळ्यांची उधारी फेडली, पण स्वतःला कधी सवलत दिली नाही. आजारी मुलाच्या उशाशी बसणारा हा माणूस स्वतःच्या मनाच्या उशाशी तसा बसला नाही. त्यांच्याकडून घ्यायचे ते मनाशी असलेले इमान. स्वतःशी एवढे कठोर होणे मात्र घ्यायचे नाही. जी माया त्यांनी मुलांना दिली ती थोडी स्वतःलाही द्यायला शिकायचे. आणि जड वाटू लागले तर कोणाजवळ तरी बोलायचे, आईजवळ, मित्राजवळ, शिक्षकाजवळ, डॉक्टरजवळ. एवढे सांगितले की वर्ग गप्प होतो. कधी कधी तास संपल्यावर एखादे मूल मागे थांबते.

मित्रहो, आपणही आता त्या वयात आहोत. गुरुजी गेले त्या वयाच्या आसपास, काही जण थोडे पुढे. आपल्याला पंढरपूरला उपोषण करायचे नाही आणि तुरुंगातही जायचे नाही. आपल्यापुढचे प्रश्न साधे दिसतात. तलाठी कार्यालयात पुढे सरकवलेले पाकीट, भावाच्या हिश्श्याची जमीन, सुनेला बोललेला टोचरा शब्द, मजुराच्या मजुरीतून कापलेले पन्नास रुपये, लग्नाच्या पंगतीत कोणाला कुठे बसवायचे हा हिशेब. पण मनाच्या वहीत हीच पाने भरतात. रात्री झोप येत नाही ती उद्याच्या काळजीने, असे आपण म्हणतो. माझा अंदाज आहे, की निम्मी झोप या जुन्या उधारीने जाते. उद्याचे काही आपल्या हातात नाही, पण ही उधारी आहे. ती फेडता येते, आणि बहुतेक वेळा एका फोनने फेडता येते.

गुरुजींचे काम त्यांच्याबरोबर संपले नाही. 'साधना' आजही निघते. आंतरभारतीचे काम आजही चालू आहे. 'श्यामची आई' आजही आईच्या हातून लेकीच्या हाती जाते. आपल्या हयातीत काय उगवेल याची खात्री नसताना पेरत राहणाऱ्या या माणसाचे पीक आपणच आहोत. आपल्याला शिकवणाऱ्या कितीतरी सरांनी आणि बाईंनी त्यांचेच वाचून खडू हातात घेतला होता. त्यांच्यातले काही आज व्यासपीठावर असतील, तेव्हा वाकून नमस्कार करताना तो नमस्कार किती दूरवर पोहोचतो हे लक्षात असू द्या.

शेवटी एक सूचना, समितीने ती मान्य करावी. आपल्या ग्रुपवर सकाळचे सुविचार आणि फुले पुष्कळ येतात. त्याबरोबर दर महिन्याला प्रत्येकाने ज्याचे बरेच दिवस काही कळलेले नाही अशा एका वर्गमित्राला किंवा मैत्रिणीला फोन करावा. काम काही नसावे. नुसते कसा आहेस, कशी आहेस, एवढेच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.